पित्त, प्रकृती आणि शीण : आजच्या मराठी आरोग्यलेखनातील एका अर्थांतराची चिकित्सा

वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक आणि आरोग्यविषयक मासिके यांतून ‘पित्तप्रकृतीच्या माणसाने बर्नआउट कसा टाळावा’ अशा धर्तीचे लेखन अलीकडे विपुल होऊ लागले आहे. त्याचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. वाचक महत्त्वाकांक्षी, शिस्तप्रिय, चिडखोर आणि अकाली केस पिकू लागलेला आहे, असे त्यास प्रथम सांगण्यात येते. हीच पित्तप्रकृती होय, असे निदान होते. या प्रकृतीत उष्णता वाढली की मनुष्य कामाच्या ओझ्याखाली ‘जळून जातो’, असा सिद्धांत मांडला जातो. आणि धने-जिऱ्याचे पाणी, गुलकंद, मोरावळा, साजूक तूप व चांदण्यातील फेरफटका यांच्या योगे प्रकृतीचे ‘संतुलन’ साधावे, या उपदेशावर लेख संपतो. या उपचारांशी भांडण्याचे कारण नाही. आजी-पणजीपासून चालत आलेले धने-जिऱ्याचे पाणी कोणी कोणास देऊ नये, असे म्हणणे अरसिकपणाचे होईल. परंतु ‘बर्नआउट’, ‘पित्त’ आणि ‘प्रकृती’ या तीन शब्दांची जी मोट या लेखनात बांधली जाते तिचे सांधे तपासून पाहिले तर ते तिन्ही ढिले आहेत, असे आढळून येते.

ही केवळ शब्दच्छलाची बाब असती तर तिच्यावर एवढी शाई खर्चण्याचे प्रयोजन नव्हते. भाषेतील ही गल्लत थकव्याचे कारण थकलेल्या माणसाच्याच देहात नेऊन ठेवते, आणि जेथे कारण उघड्या डोळ्यांना दिसत असते तेथेही ते दिसेनासे करते. बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी उभे राहून हे लेखन वाचले म्हणजे त्याची मर्यादा किती लवकर लक्षात येते, हे पुढे पाहावयाचे आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे वळू. थकव्याच्या अर्थाने ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांना दिले जाते. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यांत सेवाभावाने राबणाऱ्या मंडळींची कालांतराने जी अवस्था होई, तिचे वर्णन त्यांनी १९७४ साली या शब्दाने केले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची मोजणी करण्याची पद्धत सिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची तीन अंगे दिली आहेत : शक्तिक्षय, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा, आणि कार्यक्षमता उणावणे. महत्त्वाचे असे की, या वर्गीकरणात तिला रोग म्हटलेले नाही. ती कामाच्या जागी उद्भवणारी घटना आहे, आणि आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवास हा शब्द लावू नये, अशी स्पष्ट मर्यादाही तेथे घातली आहे.

आता शब्दाची घडण पाहावी. ‘बर्न’ म्हणजे जळणे. पण या संयुक्त शब्दातील अर्थाचे वजन ‘आउट’ या दुसऱ्या घटकावर आहे. जळण संपेपर्यंत जळणे आणि मग विझणे, असा त्याचा रोख आहे. अग्निबाणातील इंधन संपते त्या क्षणासाठी अभियंते हाच शब्द वापरतात. मराठीत हे काम ‘जाणे’ हे सहायक क्रियापद करते. ‘जळणे’ आणि ‘जळून जाणे’, ‘करपणे’ आणि ‘करपून जाणे’ यांतील भेद मराठी कानास समजावून द्यावा लागत नाही. पहिल्यात आग चालू आहे. दुसऱ्यात ती संपली आहे व मागे राख उरली आहे. आजच्या आरोग्यलेखकांनी ‘बर्न’ ऐकले, ‘आउट’ ऐकले नाही. जळणे म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे पित्त, अशी साखळी मग आपोआप जुळली. दोषाची निवड निदानाने झाली नाही. ती एका परक्या रूपकाच्या अर्ध्या भागाने केली.

एरवी आयुर्वेदाच्या परिभाषेत या अवस्थेस जवळची नावे शोधावयास फार दूर जावे लागले नसते. सुश्रुताने शारीरस्थानात ‘क्लम’ या नावाखाली जे वर्णन केले आहे ते विचार करण्यासारखे आहे : श्रम केलेले नसता देहात वाढणारा, धाप न लावणारा, परंतु इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून अडविणारा थकवा. कचेरीत बसल्या जागी गळून गेलेल्या, समोरचा कागद वाचूनही न कळणाऱ्या माणसाचे हे चित्र आहे. दुसरे नाव ‘ओजःक्षय’. राग, भूक, चिंता, शोक आणि श्रम यांनी ओज उणावते, असे वाग्भट सांगतो. आणि ओज उणावलेला मनुष्य भित्रा, दुर्बल, सतत चिंताग्रस्त व निस्तेज होतो, अशी लक्षणेही देतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या तीन अंगांशी यांची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने सविस्तर करावी, इतके साम्य येथे आहे.

याउलट पित्ताच्या बाजूने पाहिले तर अडचण उभी राहते. हृदयात राहणाऱ्या ‘साधक’ पित्ताचे कार्य बुद्धी, मेधा व अभिमान यांच्याद्वारा इच्छित अर्थ साधून देणे, असे वाग्भटाने सांगितले आहे. ज्याची कार्यक्षमता आणि स्वतःच्या कामावरील विश्वासच नाहीसा झाला आहे, त्याच्या ठिकाणी हे पित्त वाढलेले म्हणावे की घटलेले? पित्तक्षयाची लक्षणे म्हणून अग्निमांद्य, गारठा आणि कांती जाणे ही दिलेली आहेत. विझलेल्या माणसाला थंडावा द्यावा, हा उपदेश शास्त्राच्याच भाषेत बोलावयाचे तर विझत चाललेल्या चुलीवर पाणी शिंपडण्यासारखा आहे. सगळ्या थकव्याचे असे एकच एक निदान करता येईल, असा येथे दावा नाही. चरकाने पित्ताचे म्हणून जे चाळीस विकार मोजले त्यांच्या आरंभीच ओष, प्लोष, दाह, दवथु अशी जळण्याच्या वेगवेगळ्या छटांची नावे येतात. एकाच अनुभवाचे असे बारीक भेद करणाऱ्या परंपरेचे नाव घेऊन आज सरसकट ‘उष्णता वाढली’ एवढेच म्हटले जाते, याची खंत मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरा शब्द ‘प्रकृती’. येथे गोंधळाचे मूळ मराठीच्या इतिहासात आहे आणि त्याबद्दल आजच्या लेखकांस सर्वस्वी दोष देता येणार नाही. संस्कृतात प्रकृती म्हणजे मूळ घडण. सुश्रुताचे मत असे की, गर्भधारणेच्या वेळी ठरलेली ही घडण पुढे ना वाढते, ना पालटते, ना घटते. ज्याचे आयुष्य संपत आले आहे त्याच्या बाबतीतच तसे घडते. विषात जन्मलेल्या किड्यास जसे विष बाधत नाही तशी माणसास त्याची प्रकृती बाधत नाही, असा दृष्टान्तही त्याने दिला आहे. मराठीत मात्र प्रकृती ‘बिघडते’, ‘सुधारते’, ‘खालावते’, ‘तोळामासा’ होते. ‘प्रकृती कशी आहे?’ हा आपल्याकडे रोजच्या चौकशीचा प्रश्न आहे. म्हणजे संस्कृतातील जो शब्द न बदलणाऱ्या गोष्टीचा वाचक, तोच मराठीत क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टीचा वाचक झाला आहे. असे अर्थांतर होणे भाषेत नवलाचे नाही. नवल हे की, ‘पित्तप्रकृतीचे संतुलन’ या एका पदबंधात दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरले जातात : ‘पित्तप्रकृती’त संस्कृत अर्थ, म्हणजे जन्मजात घडण; आणि ‘संतुलन’ म्हणताना मराठी अर्थ, म्हणजे सुधारता येणारी तब्येत. वाचकाच्या हाती येते ते असे : तुझी घडणच सदोष आहे, आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी तुझी आहे.

आजच्या लेखकांच्या बाजूने जे सर्वांत बळकट प्रमाण देता येईल तेही नमूद करणे न्याय्य होईल. चरकाने सुश्रुताहून वेगळी भूमिका घेतली आहे. ज्यांच्या ठिकाणी एखादा दोष जन्मतःच अधिक आहे त्यांस खऱ्या अर्थाने प्रकृतिस्थ म्हणता येत नाही. ते ‘पित्तल’, ‘वातल’ वा ‘श्लेष्मल’ होत आणि त्यांनी विरुद्ध गुणांचा आहारविहार सांभाळावा, असे तो म्हणतो. पित्तल माणसांच्या लक्षणांत क्लेश सहन न होणे हेही त्याने सांगितले आहे. तेव्हा काही माणसे उन्हाने, उपासाने व दगदगीने इतरांपेक्षा लवकर खचतात, एवढ्या विधानास चरकाचा आधार निश्चित आहे. पण चरकाच्या मते पित्तल मनुष्यास पित्त वाढविणाऱ्या गोष्टींचा संपर्क घडला म्हणजे त्याचे पित्त लवकर भडकते. संपर्क हवा, कारण हवे. सुश्रुताने पित्तप्रकोपाची कारणे सांगताना राग, शोक, भय, आयास व उपवास ही एका दमात सांगितली आहेत आणि संक्षेपाने चिकित्सा म्हणजे कारणाचा त्याग, असा सिद्धांतही त्यानेच मांडला आहे. आजच्या लेखनात कारणांच्या या यादीतून ‘भय’ आणि ‘आयास’ गळतात. मिरची, लोणचे व चहा तेवढे उरतात.

लोकभाषा या बाबतीत शास्त्रीय भासणाऱ्या गद्यापेक्षा अधिक सावध आहे. ‘उष्ण’ व ‘थंड’ ही मराठी माणसाची पदार्थविभागणी अजून जिवंत आहे आणि तिचे वागणे व्याकरणासारखे आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांस मराठीने जसे ‘तो ट्रक’, ‘ती बस’, ‘ते तिकीट’ असे लिंग बिनतक्रार देऊन टाकले, तसेच समुद्रापलीकडून आलेल्या फळाभाज्यांस गुण दिले : मिरची उष्ण, पपई उष्ण, सीताफळ थंड. मूळचे अमेरिका खंडातील सीताफळ चरकास ठाऊक असण्याचा संभव नाही. तरी बालाघाटच्या डोंगरउतारावर ते असे रुजले की बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हे फळ शरदात पिकते. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने भडकते, असे ऋतुचर्या सांगते. नेमक्या त्या वेळी थंड मानलेले फळ हाताशी येते, हा योगायोग लोकांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

परंतु या लोकव्यवहारातील सर्वांत बोलकी गोष्ट वाक्यरचनेत आहे. ‘त्याला ऊन लागले’, ‘तिला शीण आला’, ‘मला पपई बाधली’. या वाक्यांत माणूस चतुर्थीत आहे. कर्ता आहे ऊन, शीण, पपई. बाहेरून काही तरी आले आणि माणसास भिडले, अशी ही मांडणी आहे. ‘अंगावर पित्त उठले’, ‘डोके तापले’ या प्रयोगांतही मनुष्य कर्ता होत नाही. नव्या आरोग्यगद्याने ही रचना उलटी केली आहे : ‘तुम्ही पित्तप्रकृतीचे आहात’. आता माणूस प्रथमेत आला, उष्णता त्याच्या वर्णनातील षष्ठीचे विशेषण झाली आणि ऊन वाक्यातून नाहीसे झाले. व्याकरणाच्या या छोट्याशा फेरफाराने जे घडते ते कोणत्याही पथ्याने घडणारे नाही.

येथे मांजरसुंबा डोळ्यांपुढे आणावे. बीडपासून दक्षिणेस, बालाघाटाच्या रांगेवर वसलेले हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर आहे; येथेच एक रस्ता पश्चिमेस पाटोदा-जामखेडकडे आणि दुसरा पूर्वेस केज-अंबाजोगाईकडे फुटतो. जवळच कपिलधार येथे ‘परमरहस्य’कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे व तेथे कार्तिकी पौर्णिमेस यात्रा भरते. धबधबा, दाट झाडी, दरीतील गारवा, हे सर्व पित्तशमनाच्या वर्णनात शोभून दिसेल. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास या फाट्यावरच्या रस्त्यांनी दुसरीही एक यात्रा निघते. पाटोदा, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, सरपण, शेरडे व लेकरे यांच्यासह पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. ऋतुचर्येत ज्या काळात ऊन टाळण्यास सांगितले आहे, त्याच काळात ही माणसे उन्हात उभी राहण्यासाठी घर सोडतात. कारखान्याचा ‘पट्टा पडे’पर्यंत, म्हणजे ऊन पुन्हा चढू लागेपर्यंत, परतत नाहीत.

या व्यवसायाची शब्दसंपत्ती अभ्यासण्यासारखी आहे. ‘कोयता’ हा शब्द येथे हत्याराचा वाचक राहिलेला नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हत्याराचे नाव ते चालविणाऱ्या दोन माणसांस मिळाले, याला अलंकारशास्त्रात लक्षणा म्हणतात. मुकादमाच्या वहीत तो हिशेब आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. ज्या दिवशी आजारपणामुळे वा अन्य कारणाने काम झाले नाही तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. उसाच्या फडाजवळची खोप ती ‘कोपी’. या चार शब्दांत सुश्रुताची यादी जवळजवळ पुरी होते : उचलीत भय आहे, कोयत्यात आयास आहे, आणि पहाटे चूल पेटवून दिवसभर फडात राबणाऱ्या बाईच्या पोटात उपवास किती असतो हे निराळे सांगावयास नको. यांच्यात वातल असतील, पित्तल असतील, श्लेष्मल असतील. शीण सर्वांना एकच येतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची वृत्ते प्रसिद्ध झाली. पाळीच्या काळात व पोटाच्या दुखण्यात खाडा पडू नये, हेही त्यामागील एक कारण असल्याचे त्या वृत्तांत म्हटले होते. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली. या प्रकरणाची सर्व बाजूंनी चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. ज्या मुद्द्यासाठी त्याचा उल्लेख केला तो एवढाच : काम तसेच ठेवून देह कामाच्या मापाचा करावयाचा, हा विचार कागदावर थंडाव्याच्या उपदेशाच्या रूपाने येतो तेव्हा निरुपद्रवी वाटतो. गुलकंद आणि शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. तरी दोन्हींच्या मागील वाक्य एकच आहे आणि त्या वाक्यात काम हा कर्ता नाही.

हे लेखन ऊसतोड मजुरांसाठी नाहीच, ते शहरातील नोकरदारांसाठी आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे; पण मग तसे म्हटले पाहिजे. या बाबतीत प्राचीन ग्रंथकार अधिक प्रामाणिक होते. पित्ताचा उपक्रम सांगताना वाग्भटाने तूप व विरेचन यांबरोबर मोत्यांच्या माळा, चंदन-वाळ्याची उटी, चंद्रप्रकाशाने उजळलेली गच्ची, मधुर गायन, गार वारा, मित्रांची संगत, बोबडे बोलणारे मूल, कारंज्याचे घर व नदीकाठची वाळू अशी लांबलचक यादी दिली आहे. चरकाच्या विमानस्थानातही तिची भावंडे सापडतात. ही यादी श्रीमंताची आहे, हे वाचणाऱ्या कोणासही कळते; वाग्भटाने गच्ची लपविली नाही. (त्या यादीतील फुकटची आणि कदाचित सर्वांत गुणकारी वस्तू म्हणजे ते बोबडे मूल, कोपीत तीही असते, फक्त तिचे बोलणे ऐकावयास दिवसाउजेडी कोणी जागेवर नसते.) आजच्या लेखनातील ‘तुम्ही’ मात्र सर्वांना उद्देशून असल्याचा आव आणतो. त्याला गच्ची आहे, तूप परवडते, सुटी मागता येते, हे सारे त्या सर्वनामात गृहीत धरलेले असते आणि सांगितलेले नसते. शहरी नोकरदाराचेही त्यातून भले होते असे नाही. अपुरी माणसे, रात्री-अपरात्री येणारे निरोप, वर्षावर्षाला नव्याने करावी लागणारी तात्पुरती नेमणूक, यांनी खचलेल्या शिक्षकास वा परिचारिकेस तिच्या प्रकृतीत पित्त अधिक आहे असे सांगणे म्हणजे तिच्याही वाक्यातून ऊन काढून टाकणे होय.

संतुलनाचा पुरस्कार करणारे लेखक चरकसंहितेच्या विमानस्थानाचा आधार पुष्कळदा घेतात. प्रकृतींची लक्षणे तेथेच आहेत. त्याच स्थानातील जनपदोद्ध्वंसाचा तिसरा अध्याय मात्र या लेखनात सहसा भेटत नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात गंगेच्या काठी हिंडत असता पुनर्वसू आत्रेयांशी अग्निवेशाचा जो संवाद झाला, तो या अध्यायात आला आहे. अग्निवेशाचा प्रश्न नेमका आहे : ज्यांची प्रकृती, आहार, बळ, सवयी, वय ही सारी निरनिराळी आहेत, अशी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का नाश पावतात? आत्रेयांचे उत्तर असे की, माणसांच्या प्रकृती भिन्न असल्या तरी वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात, आणि ते बिघडले की प्रकृतीचा भेद उपयोगी पडत नाही. हे चार का बिघडतात, असे पुढे विचारता त्यांनी अधर्माकडे बोट दाखविले. आणि हा अधर्म देश, नगर व व्यापारी पेठा यांच्या प्रमुखांपासून सुरू होऊन खाली प्रजेपर्यंत कसा पोहोचतो, त्याचा क्रमही सांगितला. त्या क्रमात पित्ताचे नाव नाही.